मांजराचं पुढे काय झालं?

तर झालं असं, की गेल्या एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसात पुस्तक दिन साजरा झाला. एचआरने मेल टाकली, कॅन्टीनमध्ये फुगे लागले आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता, म्हणजे तसंही कुणी काम करत नसतं तेव्हा, क्विझ ठेवलं. विषय: पुस्तकवेडे आणि जपानी लेखक. जपानीच का? तर क्लायंट जपानी आहे म्हणून. एकूण वीस प्रश्न. त्यातले सतरा बरोबर देऊन मी पहिला आलो.

पुस्तकं विकत आणून न वाचता रचून ठेवतात त्याला जपानीत काय म्हणतात? त्सुंदोकु. क्रिकेटची नव्हे, बेसबॉलची मॅच बघता बघता 'आपण कादंबरी लिहू शकतो' असा साक्षात्कार कुणाला झाला? मुराकामीला, 1978 साली, टोकियोच्या जिंगू स्टेडियममध्ये, डेव्ह हिल्टन नावाच्या खेळाडूने डबल मारला तेव्हा. त्याआधी मुराकामी काय करायचा? जाझ बार चालवायचा. बारचं नाव? पीटर कॅट. हजार येनच्या नोटेवर 1984 पासून वीस वर्षं कोणता लेखक होता? नात्सुमे सोसेकी. पाच हजारांच्या नोटेवर 2004 ते 2024 या काळात असलेली आणि 24 व्या वर्षी क्षयाने गेलेली लेखिका? हिगुची इचियो. साहित्याचं नोबेल कुणाला? कावाबाता 1968, ओए 1994.. धडाधड उत्तरं देत होतो. लोक वळून वळून बघत होते. टीममधली एक जण म्हणालीसुद्धा, "तू एवढा वाचतोस? वाटत नाही." कॉम्प्लिमेंट म्हणून घेतलं.

बक्षीस म्हणून 'इकिगाई' मिळालं. त्याच्याकडे नंतर येतो.

शनिवारी गावी गेलो. गाव सारोळे, तालुका भोर. पुणे-सातारा हायवेने निघालात की खेड शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळ, किकवी आणि मग आम्ही. आमच्यापुढे नीरा नदीचा पूल आणि पुलापलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. थोडक्यात, तुम्ही महाबळेश्वरला जाताना जिथे 'अजून घाट किती लांब आहे' असं विचारता, तिथे आमचं घर आहे.

ओट्यावर चहा पीत मी क्विझच्या बढाया मारत होतो. ऐकायला माझी चुलत बहीण होती. नववीत आहे. म्हटलं, "अगं, या सोसेकीची एक कादंबरी आहे, 'मी एक मांजर'. अख्खी गोष्ट मांजर सांगतं. आणि गंमत म्हणजे त्या मांजराला नावच नाहीये!"

ती म्हणाली, "भारी. मग पुढं काय होतं त्या मांजराचं?"

मी चहाचा एक घोट घेतला. मग दुसरा.

"दादा, तू वाचलंयस ना पण?"

मंडळी, मी वाचलेलं नव्हतं. सोसेकी वाचला नव्हता, कावाबाता वाचला नव्हता, ओए वाचला नव्हता, इचियोबाईंचं एक अक्षर वाचलं नव्हतं. मुराकामीचं एक पुस्तक अर्धं वाचलेलं, बाकीचं विमान उतरलं तिथे राहिलं. सतरा बरोबर उत्तरं आणि अर्धं पुस्तक. आजची पोस्ट या हिशेबावर आहे, आणि यात शिव्या खाणारा पहिला माणूस मीच आहे, तेव्हा कुणी पर्सनली घेऊ नये. घेतलंत तर मात्र बरोबर जागी लागलंय असं समजा.

माझं म्हणणं सरळ आहे. ही जी 'रंजक माहिती' नावाची चीज आहे ना, पुस्तकवेड्यांबद्दलची, लेखकांच्या मांजरांबद्दलची, कुणी किती वाजता उठून किती किलोमीटर धावायचा त्याबद्दलची, ती पुस्तकाची जागा खातेय. पोट भरल्यासारखं वाटतं, पण खाल्लेला असतो फक्त मेन्यू.

त्यातही जपान म्हटलं की आपण जास्तच बहकतो. त्सुंदोकु हा शब्दच बघा. तो मुळात कोटी आहे. 'त्सुंदे ओकु' म्हणजे रचून ठेवणे आणि 'दोकु' म्हणजे वाचणे. मेइजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कुणीतरी पुस्तकं जमवणाऱ्या मास्तरांची टिंगल करायला हा जोडून काढला. म्हणजे चिमटा आहे तो, चिमटा! आपण त्याचं काय केलं? 'मला त्सुंदोकु आहे' असं कौतुकाने सांगायला लागलो. न वाचण्याला जपानी नाव मिळालं आणि तो आजार न राहता दागिना झाला. उद्या भांडी न घासता सिंकमध्ये रचून ठेवण्याला जपानी शब्द सापडला, तर आपण तोही बायोमध्ये टाकू. (आई मात्र त्याला जे म्हणते तेच म्हणेल.)

आणि खरं-खोटं? त्याची तर कुणाला पडलेलीच नाही. तुम्हाला तो फॉरवर्ड आला असेलच, की सोसेकी इंग्रजीचा मास्तर असताना वर्गात एका पोराने 'आय लव्ह यू'चं शब्दशः भाषांतर केलं, तेव्हा सोसेकी म्हणाला की जपानी माणूस असं म्हणत नाही, 'आज चंद्र सुंदर दिसतोय' असं लिही. काय रोमँटिक ना? दर कोजागिरीला कुणीतरी टाकतंच. सोसेकी इंग्रजी शिकवायचा हे खरं, 1900 ते 1902 तो लंडनला राहून आला हेही खरं. पण चंद्राची ही गोष्ट त्याच्या लेखनात कुठेही नाही. तो गेला 1916 साली आणि ही दंतकथा त्याच्यानंतर कित्येक दशकांनी पसरली. म्हणजे सोसेकीबद्दल आपल्याला जी एकच गोष्ट मनापासून आवडते, ती नेमकी त्याची नाहीये.

आता इकिगाई. माझ्या टीममध्ये तेरा जण आहेत आणि त्यातल्या पाच जणांच्या डेस्कवर हे पुस्तक आहे, सहावा मी. जपानी शहाणपण म्हणून आपण ते घेतो. लेखकांची नावं बघा: एक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस. दोघंही स्पेनचे. आणि ती चार वर्तुळांची आकृती, 'तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात'? ती तर जपानच्या आसपासही जन्मली नाही. एका स्पॅनिश माणसाची 'जीवनाचा उद्देश' सांगणारी आकृती होती, 2014 साली एका इंग्रजी ब्लॉगरने मधला शब्द बदलून तिथे 'इकिगाई' टाकलं. बास. प्रॉडक्शनमध्ये कुणी असा फाइंड-रिप्लेस मारला तर आपण त्याला रिव्ह्यूमध्ये उभा चिरतो, इथे मात्र मगवर छापून कॉफी पितो.

स्पॅनिश माणसाने जपानवर लिहू नये असं मी म्हणत नाही. पु. लं.नीही 'पूर्वरंग'मध्ये जपानवर लिहिलंय की. पण पु. लं. वाचताना आपण पु. लं. वाचतोय हे आपल्याला माहीत असतं, प्रश्न तेवढाच आहे.

इथे कुणीतरी म्हणणार, "अरे पण या रंजक माहितीमुळेच लोक पुस्तकाकडे वळतात, तो दरवाजा आहे." मान्य, काही अंशी मान्य. माझं ते अर्धं मुराकामीसुद्धा बेसबॉलच्या किश्श्यामुळेच उघडलं गेलं. आणि काही माहिती खरंच पोटात कालवाकालव करणारी असते. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली लंडनहून परतले तेव्हा त्यांचं सामान, पुस्तकांसकट, दुसऱ्या बोटीने येत होतं आणि ती बोट युद्धात पाणबुडीने बुडवली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं ते पुस्तकं मावावीत म्हणूनच. हे वाचून ज्याला काही होत नाही त्याच्याशी मी बोलणार नाही. पण आपण 'राजगृहात पन्नास हजार पुस्तकं होती' हा आकडा फॉरवर्ड करून थांबतो. त्या माणसाने त्या पुस्तकांतून काय काढलं, ते त्याच्या खंडांत पडलंय आणि खंड स्वस्त आहेत. दरवाजा आहे हे खरं, पण आपण दरवाज्यापाशी सेल्फी काढतो आणि गाडी वळवतो.

हे मी उपमा म्हणून बोलत नाही, रोज बघतो. पाचगणीजवळचं भिलार हे 4 मे 2017 पासून 'पुस्तकांचं गाव' झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून ही कल्पना घेतली. तिथे पुस्तकं विकतात, इथे गावातल्या घरांत, देवळांत पुस्तकं ठेवलीत आणि कुणीही जाऊन फुकट वाचत बसायचं. किती सुंदर गोष्ट आहे! पुण्याहून तिकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या सारोळ्यावरून जाते. मी स्वतः मित्रांबरोबर दोनदा गेलोय. दोन्ही वेळा मिळून रंगवलेल्या भिंतींपुढे फोटो: बरेच. स्ट्रॉबेरी विथ क्रीम: चार. वाचलेली पानं: एका दिवाळी अंकाची साधारण सहा. गावाने दिलं होतं सगळं, आम्हीच घेतलं नाही.

बरं, आता मुद्द्याचं. इतका वेळ जे चाललं होतं ते 'वाचा रे पोरांनो' छापाचं होतं, ते कुणीही बोलतो. मला खरा राग आलाय तो वेगळ्या गोष्टीचा.

माझ्या या बहिणीने 'तोत्तोचान' पाच वेळा वाचलंय. चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद, नॅशनल बुक ट्रस्टचा, शाळेच्या कपाटातला. तिला क्विझमधलं एकही उत्तर आलं नसतं. लेखिका तेत्सुको कुरोयानागी आहे हे तिला नीट म्हणता येत नाही, ते 1981 साली आलं आणि जपानमध्ये विक्रमी खपलं हेही माहीत नाही. पण आगगाडीच्या डब्यांत भरणारे वर्ग तिला पाठ आहेत. पहिल्याच दिवशी चार तास त्या पोरीची बडबड ऐकून घेणारे कोबायाशी मास्तर तिला आमच्या गावातल्या माणसांपेक्षा जास्त माहीत आहेत. त्या शाळेत डब्यात 'समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरातलं काहीतरी' आणायचं असतं, तर हिने घरात तो नियम लावून पाहिला. डोंगरातलं भोर तालुक्यात कमी नाही. समुद्रातलं म्हणून बाजारची सुकट. काकू वैतागली, पण आठवडाभर चाललं!

ही खरी वाचक. आणि ती मला विचारते, "दादा, असं अजून जपानी काही आहे का? मराठीत?"

तुम्हाला-मला मुराकामी हवा असेल तर इंग्रजीत फोनवर दहा सेकंदांत येतो. तिला येत नाही. तिची वाट आपल्यासारख्यांवरून जाते, ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्यांच्यावरून. आणि आपण तिला काय देतो? मांजराला नाव नाही. मांजर देत नाही, मांजराबद्दलची माहिती देतो.

पुण्यात जपानी शिकलेली माणसं काय कमी आहेत? इथे वर्षातून दोनदा, जुलैत आणि डिसेंबरात, जेएलपीटीची परीक्षा होते. रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या क्लासपर्यंत सगळीकडे जपानी शिकवतात. माझ्या ओळखीतच एन-टू झालेले चौघं आहेत. दिवसभर ते काय भाषांतर करतात? टेस्ट केसेस. रिक्वायरमेंटचे कागद. 'बटण दाबल्यावर स्क्रीन हिरवी व्हावी.' त्याचे पैसे मिळतात, आणि ते मिळवावेत, मीही तेच खातो. पण या चौघांपैकी एकानेही, एकाही जपानी गोष्टीचं एक पानसुद्धा मराठीत आणलेलं नाही. उलट त्सुंदोकुचा अर्थ मला पहिल्यांदा सांगितला तो त्यांच्यातल्याच एकाने.

आणि आपल्याकडे हे कधी झालंच नाही असंही नाही ना. शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला, नुसता 'जपानमध्ये तीन ओळींची कविता असते' अशी माहिती सांगून नाही, आयुष्यभर लिहून. 2017 साली त्या गेल्या, पण मराठी हायकू म्हटलं की अजूनही पहिलं नाव त्यांचंच येतं. त्या आचार्य अत्र्यांच्या कन्या, आणि अत्र्यांचं गाव कोडीत, सासवडजवळ. म्हणजे कापूरहोळवरून नारायणपूरच्या रस्त्याला लागलात की आमच्यापासून एका डोंगराआड. एक बाई जपानी कवितेला मराठीत नांदायला लावू शकते, आणि हिंजवडीचे एवढे एन-टू मिळून एक गोष्ट आणू शकत नाहीत?

"कॉपीराइटचं काय?" हा इंजिनियरचा आवडता ब्लॉकर, म्हणून आधीच क्लिअर करतो. सोसेकी गेला 1916 ला, अकुतागावा 1927 ला, मियाझावा केंजी 1933 ला, दाझाई 1948 ला. जपानमध्येही आणि आपल्याकडच्या साठ वर्षांच्या नियमानेही हे सगळे केव्हाच मोकळे झालेत. मूळ जपानी पाठ 'आओझोरा बुन्को' नावाच्या साइटवर 1997 पासून लोक स्वतः टाइप करून फुकट ठेवतायत. नाव किती छान आहे बघा, आओझोरा म्हणजे निळं आकाश. (अॅनिमेमुळे दाझाईचे फॅन झालेल्या पोरांनो, तुमचा दाझाई पण तिथेच आहे, मूळातला.) थोडक्यात, ब्लॉकर नाही. तिकीट ओपन आहे, असाइनी नाही.

असो. नुसतं बोंबलून उपयोग नाही, म्हणून दोन गोष्टी केल्या.

पहिली, 'मी एक मांजर' इंग्रजीतून वाचायला घेतलं. जाड आहे. आणि पहिल्याच प्रकरणात मला थोबाडीत बसली. त्या मांजराचा मालक मास्तर असतो. शाळेतून आला की खोलीत शिरतो तो बाहेर येत नाही, घरच्यांना वाटतं केवढा अभ्यासू. मांजर हळूच डोकावून बघतं, तर हा उघड्या पुस्तकावर लाळ गाळत झोपलेला! 1905 सालची गोष्ट आहे ही. अख्खं पुस्तक असंच आहे, विद्वत्तेचा आव आणणारी चार माणसं मास्तरांच्या घरी येऊन थापा मारतात आणि मांजर ऐकत बसतं. म्हणजे ज्या माणसाने क्विझ जिंकणाऱ्यांची सालं काढली, त्याच्याच नावावर मी क्विझ जिंकलो होतो. मांजराचं पुढे काय झालं ते मी बहिणीला सांगितलं (तुम्हाला वाचायचं असेल तर पुढची ओळ सोडा). ते उरलेली बिअर पितं, झिंगतं आणि पाण्याच्या रांजणात पडून मरतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढं मोठं पुस्तक, आणि कुणी बघायला पण नव्हतं?"

क्विझमध्ये हा प्रश्न नव्हता.

दुसरी गोष्ट, चौघांपैकी एका एन-टूला पकडलं. तो जपानी वाचून मला तोंडी अर्थ सांगतो, मी मराठी लिहितो, मग तो मूळाशी ताडून बघतो. सोसेकी झेपणार नाही, म्हणून मियाझावा केंजी घेतला. हा माणूस उत्तर जपानमधल्या इवाते भागातला, शेतकी शाळेत शिकवायचा, मग नोकरी सोडून भातशेती करणाऱ्यांना खताचे हिशेब फुकट करून द्यायचा. 37 व्या वर्षी गेला. हयातीत दोनच पुस्तकं निघाली, एक कवितांचं आणि एक गोष्टींचं. भोर तालुक्यात त्याला नोकरी सहज मिळाली असती.

आम्ही घेतलीय ती 1924 सालच्या त्या पुस्तकातलीच गोष्ट. शहरातले दोन सुखवस्तू तरुण फॅन्सी कपडे आणि चकचकीत बंदुका घेऊन डोंगरात शिकारीला येतात, वाट चुकतात आणि त्यांना रानात एक हॉटेल दिसतं. शनिवार-रविवार राजगड-तोरण्याला येणारं पब्लिक बघितलेल्या कुणालाही ही दोन माणसं ओळखता येतील. हॉटेलात एकामागून एक दरवाजे असतात आणि प्रत्येक दरवाज्यावर एक सूचना. केस विंचरा, बूट काढा, अंगाला साय लावा.. पुढचं सांगत नाही.

दोन महिन्यांत चार पानं झालीत. स्पीड वाईट आहे, मान्य. त्यातला एक पूर्ण रविवार गेला हॉटेलच्या नावावर. मूळात 'यामानेको' आहे, यामा म्हणजे डोंगर, नेको म्हणजे मांजर. मी लिहिलं 'रानमांजर'. मित्र म्हणाला चालेल. बहिणीने वाचलं आणि नाक मुरडलं, रानमांजराला कोण घाबरतंय? काका तिथेच दोर वळत बसले होते. मी त्यांना विचारलं की डोंगरात मांजराएवढीच पण अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली असते, कोंबड्या नेते, तिला आपण काय म्हणतो?

"वाघाटी की," काका म्हणाले. "कशाला पायजे?"

आता पाटीवर 'वाघाटी' आहे. पाचवा दरवाजा पुढच्या रविवारी.